झोपेतला कौल

सुई मनगटाच्या वर कातडीत शिरली, दुसऱ्या बाजूने बाहेर आली, आणि बायकोच्या कपाळावर साधी आठीही पडली नाही.

त्याने सुई हळूच काढून घेतली, कापसाचा बोळा दाबून धरला आणि स्वतःच्याच बोटांकडे कौतुकाने पाहिलं. पुस्तकात म्हटलं होतं, संमोहनात इथवर पोचायला भल्याभल्यांची वर्षं जातात. त्याला एक हिवाळा पुरला होता.

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. हनुवटी इथे टेकवा, वर बघा, खाली बघा, शेवटची ओळ वाचा. त्या खुर्चीत बसलेली माणसं त्याचं निमूट ऐकायची. खुर्चीबाहेर त्याचं कुणी ऐकत नव्हतं, मालक तर नाहीच नाही. आपलं कुणीतरी ऐकतं याची एकदा चटक लागली की सुटत नाही, आणि त्याला ती चांगलीच लागली होती.

ऐकायला घरात बायको होतीच. तिला आरामखुर्चीत बसवायचं, नजर दिव्यावर लावायला सांगायची, आवाज खालच्या पट्टीत आणायचा. तिचे डोळे मिटायचे, मान कलायची, मग तो म्हणेल ती पूर्व. आधी हात हलका झाला, वर चालला, असले पुस्तकी प्रयोग झाले. मग त्याला घरचे विषय सुचू लागले. काम करताना तिला गुणगुणायची सवय होती, ती त्याने बंद केली. तिच्या बहिणीचं येणंजाणं त्याच्या डोळ्यांत खुपायचं. बहिणीचा आवाज ऐकला की तुझं डोकं ठणकेल, असं त्याने एका संध्याकाळी सांगून टाकलं. पुढच्याच रविवारी बायकोने बहिणीला दारातूनच वाटेला लावलं. बहीण जिन्यात रडत थांबली होती, ते त्याने आतल्या खोलीत बसून ऐकलं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो अभिमान.

आता प्रश्न होता रीतसर शिकण्याचा. एक कोर्स टपालाने व्हायचा, पण त्याच्या प्रमाणपत्राला कुत्रं विचारत नव्हतं. गावोगाव खेळ करणारा एक संमोहनवाला त्याला हाताखाली घ्यायला तयार होता, पण लोकांना स्टेजवर कोंबड्यासारखं आरवायला लावण्यात त्याला राम वाटेना. तिसरी होती लांबच्या शहरातली संस्था. तिथे दोन वर्षं वसतिगृहात राहायचं, घरच्यांना सोबत ठेवायचं नाही, आणि अर्थातच नोकरी सोडायची. तिथून शिकून निघालेल्यांना मोठमोठी हॉस्पिटलं बोलावून घेत. तरी त्याचा कल टपालाकडेच होता. घरचं गरम जेवण आणि आरामखुर्चीतली बायको सोडवत नव्हती.

त्याने बायकोला विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला एकटीला टाकून कुठे निघालात, टपालाचाच घ्या, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

तिथेच विषय मिटला असता. पण त्याच्या मनात आलं, जागं माणूस सोयीचं बोलतं, संमोहनातलं माणूस खोटं बोलूच शकत नाही. पुस्तकात यावर अख्खं प्रकरण होतं. त्याने तिला खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

तिचे डोळे मिटले, मान कलली.

"लांबचा," ती म्हणाली.

"का?"

"तुमच्या आवाजात जे आहे ते दुसऱ्या कुणात नाही. इथे राहिलात तर दुकानातच कुजाल."

त्याला भरून आलं. लग्न झाल्यापासून त्याच्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

संस्थेचा प्रमुख एक म्हातारा, तुसडा डॉक्टर होता. नवशिक्याचं मन मोडवत नाही म्हणून घरची माणसं सोंग घेतात, असं त्याने तोंडावरच सुनावलं. म्हणून तिथे प्रवेशाची अटच होती. उमेदवाराने आपलं माणूस आणायचं, त्याला झोपवायचं, आणि इंजेक्शन न देता त्याचा दात काढून दाखवायचा. तिथे भलेभले सोंगाडे किंचाळून उठतात, असं तो म्हणाला.

संस्थेच्या दंतवैद्याने बायकोची दाढ तपासली. थोडीशी किडली आहे, भरली तर सहज टिकेल, काढू नका, असं त्याचं मत पडलं.

"काढा," नवरा म्हणाला.

दाढ सुखासुखी निघाली नाही. दंतवैद्याला दोनदा पकड बदलावी लागली, कपाळावरचा घाम पुसावा लागला. बायको डोळे मिटून शांत पडून होती. शेवटी दाढ ट्रेमध्ये पडली तेव्हा म्हाताऱ्याने पुढे होऊन नवऱ्याचा हात हातात घेतला. असा हात आपण फार क्वचित पाहिला, असं तो म्हणाला.

मग सगळं भराभर झालं. त्याने राजीनामा दिला, आणि मालकाने त्याच आठवड्यात त्याच्या जागी आपल्या भाच्याला बसवलं. परतीचं दार बंद झालं, पण त्याला त्याची फिकीर नव्हती. असा हात असलेल्याला परतायचं कशाला?

निघायच्या दिवशी त्याने तिला शेवटचं खुर्चीत बसवलं. मी येईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, कुणाला आत घ्यायचं नाही, नुसती माझी वाट बघायची, असं सावकाश, शब्द न् शब्द तोलून सांगितलं. तिने मिटल्या डोळ्यांनी मान हलवली. मग जागी होऊन ती त्याला पोचवायला स्टँडवर आली.

त्याला खिडकीची जागा मिळाली. तिचा गाल अजून थोडा सुजलेला होता. त्याने तिला तब्येत सांभाळायला सांगितलं, तिने त्याला वेळेवर जेवायला सांगितलं. बस सुरू झाली, हळूहळू मागे सरकून वळली. ती खिडकीशी चालत आली आणि गजाला हात लावून, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलली.

"दाढ फार दुखली हो, सुईपेक्षा कितीतरी जास्त. पण त्याशिवाय त्यांनी तुम्हाला दोन वर्षं ठेवून घेतलं नसतं."