दाट केसांची पैज

पैज केसांची होती. जी हरेल तिचं डोकं आखाड्यातच भादरलं जाणार आणि केस जिंकणारीचे. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातल्या त्या कुस्तीच्या आखाड्यात ओब्दुलियाने ब्रिहिदाचा ओठ फाडला, बरगडीत गुडघा घातला, तिला दोरांवरून खाली आपटलं; पण खांद्यावर रुळणाऱ्या तिच्या दाट केसांना बोट लावलं नाही. "झिंज्या धर की तिच्या! का न्हाऊ घालणारेस?" लोक ओरडत होते.

पुढे त्याच केसांचा टोप झाला. औषधांनी सगळे केस गळालेली ओब्दुलियाची लेक इत्सेल तो घालून पहिल्यांदाच बाजारात आली आणि हरखून पिना निवडू लागली. "आई, ही फुलांची नाजूक पिन घेऊ?"

तेवढ्यात डोक्यावर नुसते खुंट उगवलेली ब्रिहिदा समोर येऊन उभी राहिली. टोपाकडे टक लावून बघता बघता तिचा हात इत्सेलच्या डोक्याकडे गेला, तशी ओब्दुलियाने मूठ उगारली.


"पिन नको गं, पोरी," त्या केसांवरून अलगद बोटं फिरवत ब्रिहिदा म्हणाली, "हे भारी द्वाड आहेत, मला विचार, यांना मोठा दातेरी चिमटाच लागतो."