मीटरचं घर

मालिका किती लोक बघतात ते मोजणारं मीटर बिबवेवाडीत वेणूबाईंच्या टीव्हीला बसवलं. दुसऱ्याच आठवड्यात त्या ऐन मालिकेत कुकर बंद करायला उठल्या, आणि लगेच मालिकेतला धाकटा दीर ट्रकखाली गेला. "प्रेक्षकांना तो नकोसा झाला होता," असं चॅनेलवाल्यांनी मुलाखतीत सांगितलं.

तेव्हापासून मालिकेच्या वेळेत सोसायटी वेणूबाईंना जागचं हलू देत नाही. त्यांचा कुकरसुद्धा समोरच्या शकूताई येऊन बंद करतात.

आज मालिकेतल्या सुनेचं बाळंतपण होतं. बाई अडली होती. डॉक्टरांनी चष्मा काढला, आणि तेवढ्यात वेणूबाईंची स्वतःची सून दीपमाला पोट धरून आतून आली.

"आई, कळा सुरू झाल्यात."

वेणूबाई धडपडत उठायला लागल्या. दीपमालाने त्यांना खांदे धरून खाली बसवलं.

"अहो, बसा तुम्ही! तुम्ही उठलात तर तिचं काही खरं नाही. मी जाते रिक्षाने."

वेणूबाईंचे डोळे भरून आले. पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "सांभाळून जा गं. आणि जाहिराती लागेपर्यंत काही होऊ देऊ नकोस."