लाल दिसता कामा नये
जालन्यातल्या सळयांच्या कंपनीत भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्यावर नजर ठेवायला आकांक्षानं वेब अ‍ॅप लिहिलं होतं. चाचणी संपेपर्यंत एकही चूक झाकायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. काही बिघडलं की दारावरच्या टीव्हीचा पडदा लालभडक व्हायचा आणि कामगार खाली भट्टीकडं उतरायचे नाहीत. आज नेमका पाहुणे यायच्या तोंडावर तो लाल झाला. “तुझ्या प्रोग्रामची कटकट जल्दी मिटव,” मॅनेजर खेकसले. “पाहुण्यांना लाल दिसता कामा नये.” याआधी दरवेळी घोळ तिच्याच कोडमध्ये निघाला होता, त्यामुळे तिलाही तेच वाटलं. तिनं एक ओळ घातली: चूक आली तर गिळायची आणि पाण्याचा शेवटचा बरा आकडा दाखवत राहायचं. पडदा हिरवा झाला. भट्टीजवळ मोबाइल न्यायला बंदी, म्हणून तिचे वडील आपला मोबाइल दारातल्या लाकडी पेटीत ठेवत होते. पडद्याकडं बघून त्यांनी विचारलं, “आकू, बराबर हाये ना? मंग उतरतो आम्ही.” तिनं मान डोलावली. पाहुणे आले, हिरव्या पडद्याचा फोटो काढून चहाला गेले. मग तिनं ती गिळलेली चूक उघडून वाचली. कोडमध्ये काहीच चुकलं नव्हतं. भट्टीला पाणी देणारा पंपच बंद पडला होता. तिनं वडिलांना फोन लावला. तो तिच्या पाठीमागं, पेटीत वाजला.