नखभर

"आज पुलावर पाऊल ठेवायचं नाही," पुलवाले काका म्हणाले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

समोर त्यांची लेक होती. अंगात नर्सचा गणवेश, खांद्याला डब्याची पिशवी. गेले तीन दिवस ती रजेवर होती, म्हणजे काकांनी तिला रजेवर बसवलं होतं. हॉस्पिटल नदीपलीकडे. आजही गेली नाही तर मेट्रन तिला कायमचीच घरी बसवणार होती, आणि मेट्रन बोलेल तसं करणारी बाई होती.

"बाबा, हजारो माणसं जातात त्या पुलावरून."

"त्या हजारांचा मी बाप नाही."

लेकीने हातातलं पेन टेबलावर आपटलं. ते घरंगळत डाव्या कडेला गेलं आणि खाली पडलं. "पुलाचं राहू द्या, आधी हे टेबल नीट करा," ती म्हणाली. "आणि हे दारही. खांदा लावल्याशिवाय उघडत नाही."

"पावसाने फुगलंय. दारं फुगतातच. विषय बदलू नकोस."

पुलवाले काका हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. नऊ वर्षं ते आपल्या गच्चीवरून एकाच पुलाचे फोटो काढत होते. उन्हात पांढराफटक पूल, धुक्यात अर्धा बुडालेला पूल, मुसळधार पावसातला पूल, आणि मागे शहराच्या इमारती, टाक्या, धुराडी. ऋतू बदलत, चौकट तीच राही. त्यासाठी त्यांनी गच्चीच्या काँक्रीटमध्ये लोखंडी स्टँड कायमचा गाडून घेतला होता. पहिल्या दिवशी त्यावरच्या, सपाटी दाखवणाऱ्या पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर आणला, स्क्रू आवळले, वर रंग फासला. त्यानंतर पाणसळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "लोकांचा हात हलतो, माझा कॅमेरा हलत नाही," हे वाक्य लेकीने इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की ती पुढचे शब्द आधीच पुटपुटायची.

आणि चार दिवसांपूर्वी काकांनी उन्हाळ्यातला एक फोटो आणि ताजा पावसातला फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवले. पुलाचं डावं टोक जुळवलं. उजवं जुळेना. ते नखभर खाली आलं होतं. ढगांनी मागचं सगळं शहर पुसून टाकलेलं. दिसत होता तो फक्त पूल, आणि तो खचत होता. त्यांनी दोन्ही फोटो पुलाची देखभाल करणाऱ्या इंजिनीअरबाईंना पाठवले. लेकीला घरी बसवलं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालाही बजावलं. त्याने बायकोला माहेरी जाऊ दिलं नाही, दोन्ही मुलांची शाळा बंद केली. इमारतीत काकांचा शब्द चालत असे.

"बाबा, दार सोडा."

काकांनी दार सोडलं नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. इंजिनीअरबाई होत्या. लेकीलाही ऐकू यावं म्हणून काकांनी मुद्दाम स्पीकर लावला.

"काका, मी पुलावरच उभी आहे. दोन दिवस आम्ही एकेक खांब मोजतोय. पूल तसूभरही हललेला नाही."

"माझा फोटो खोटं बोलत नाही, बाई."

"बोलतो असं मी कुठे म्हणते? पण तुमच्या फोटोत पुलाखेरीज काहीच दिसत नाही. आत्ता आभाळ उघडलंय. मागचं शहर दिसेल असा एक फोटो काढा आणि लगेच पाठवा. मी फोनवर थांबते."

काका तरातरा गच्चीवर गेले. खरं तर दार मोकळं झालं होतं, लेकीला निघता आलं असतं. पण बाबांची हार डोळ्यांनी बघावी म्हणून तीही मागोमाग चढली. पंधरा दिवसांनी ऊन पडलं होतं. नदीपलीकडचं शहर धुऊन काढल्यासारखं दिसत होतं. काकांनी स्टँडवर कॅमेरा चढवला, बटण दाबलं, फोटो पाठवला आणि मग स्वतः पडद्यावर पाहिला.

पुलाचं उजवं टोक खाली होतं. "बघ," ते लेकीला म्हणाले, "आता तरी पटलं?"

लेक पुलाकडे बघतच नव्हती. "बाबा, मागची धुराडी तिरकी आहेत."

धुराडी उजवीकडे झुकली होती. शेजारची पाण्याची टाकीही. तिच्यामागच्या सगळ्या उंच इमारतीही, एकजात, तेवढ्याच. काकांनी मान वर करून समोर पाहिलं. तिथे सगळं सरळ उभं होतं.

फोटो तिकडेही पोचला होता. मग इंजिनीअरबाईंचा आवाज आला. तो मघाचा आवाज नव्हता.

"काका, सगळं शहर एकदम कलत नसतं. तुमचा कॅमेरा कशावर उभा आहे?"

काका वाकले. पाणसळीच्या काचेवर पाखरांची घाण साचून वाळली होती. त्यांनी ती अंगठ्याने खरवडली. बुडबुडा मध्यावर नव्हता. तो उजव्या टोकाला जाऊन चिकटला होता.

खाली शिंप्याचं मशीन खडखडत होतं. त्याची मुलं जिन्यात उड्या मारत होती, कारण काकांनीच त्यांची शाळा चुकवली होती. तीन दिवस आपण या सगळ्यांना जिवाच्या भीतीने कुठे कोंडून ठेवलं, हे कळायला काकांना आता फोटोची गरज उरली नव्हती.

"धाकट्याला तू उचल, थोरल्याला मी घेतो," ते लेकीचा हात धरून जिन्याकडे ओढत म्हणाले. "शिंप्याला सांग, कपडा मशीनवर तसाच टाक आणि बायकोला घेऊन बाहेर पड. मागे वळू नको म्हणावं."

"अहो बाबा, पण सगळ्यांना घेऊन जायचं कुठे?"

"पुलावर."