बारीक शिट्टी

"दादा, ह्याच्यात बारीक शिट्टी वाजतीय. दुसरा घेऊया," सुकुमार म्हणाला आणि पद्माकरचं डोकं फिरलं.

सांगलीतल्या आपल्या स्टुडिओत गाण्यांवर शेवटचा हात फिरवायला दोघा भावांना आवाजातले खर्ज-तीव्र सूर कमीजास्त करणारा अ‍ॅनालॉग इक्वलायझर हवा होता. ऐपतीत बसणारे जुने दोनच दुकानात होते. पद्माकरने मोठा पसंत केला होता आणि त्याला कसलीही शिट्टी ऐकू येत नव्हती.

"उभी हयात ह्या कानांवर काढली मी, आणि तू मला शिकवतोस?" त्याने सुकुमारच्या नाकावर ठोसा हाणला. सुकुमार फळीवर आदळला, अंगावर खोकी कोसळली, तरी पद्माकर त्याला लाथा घालत राहिला. सुकुमारने उलटा हात उचलला नाही.

दुकानदाराने पद्माकरला मागे खेचलं. "अहो, मरेल तो! शिट्टी मलाही ऐकू येतीय की!"

पद्माकरने काउंटरवरच्या स्पीकरला कान लावला. काहीच नाही.

"माझ्या कानांचं तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"दिवाळीपासून," सुकुमार रक्त पुसत म्हणाला. "तू घरी गेलास की मी तुझी गाणी परत नीट करायचो."

पद्माकरने मोठा इक्वलायझर मागे सारला. "हा म्हणेल तो बांधा," तो दुकानदाराला म्हणाला. भावाकडे बघायची त्याला हिंमत होईना.