चॉपस्टिकचं निमित्त

बायकोच्या वाढदिवसाला हे व्हिएतनामी हॉटेल डॉक्टर कर्णिकांनी मुद्दाम निवडलं होतं. चॉपस्टिकनं जेवताना सगळ्यांचेच हात डळमळणार. त्यात आपल्या उजव्या हाताची थरथर खपून जाईल, असा त्यांचा बेत होता.

आणि तसंच झालं. लेकीच्या काड्यांतून शेवया निसटल्या, जावयाचा रोल सूपमध्ये पडला, हसता हसता सगळ्यांची पुरेवाट झाली. मग एकेकानं काड्या खाली ठेवून सरळ चमचे उचलले. तरी टकटक काही थांबेना. डॉक्टरांच्याच हातातल्या काड्या वाडग्याच्या काठावर वाजत होत्या.

त्यांनी झटकन हात टेबलाखाली नेला. कुणी पाहिलं तर? सोमवारी मोतीबिंदूची चार ऑपरेशनं होती.

टेबलाखाली बायकोनं तो हात घट्ट धरला.

“सवय नाही गं या काड्यांची,” ते पुटपुटले.

“अहो, दिवाळीपासून मी तुमचा कप अर्धाच भरतेय, चहा सांडू नये म्हणून,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली. “कप अर्धा चालतो. सोमवारच्या पेशंटला काय अर्धा डोळा देणार?”