बाहेरचे चिंचोके

त्या संध्याकाळी माझे वडील, अण्णा, उद्याच्या सामन्यात कोणाला खेळवायचं ते ठरवत होते. आष्टीच्या शाळेत ते बास्केटबॉल शिकवत. प्रत्येक मुलीच्या नावाचा एक चिंचोका. खडूनं आखलेल्या चौकटीत पाच, बाकीचे बाहेर. "दमली तिला बसवायचं, रुसली तिला मैदानात उतरवायचं," ते म्हणाले. लहानपणी मीही त्यांच्या संघात होते, कायम बाकावर. "मंग मला का न्हाई उतरवलं?" मी हसत विचारलं. "तू कधी रुसलीच न्हाईस. माझी शहाणी पोरगी! तुला बसवणं लई सोपं गेलं." पहाटे ते झोपेतच गेले. घर माणसांनी भरलं. "पोरगी किती समजूतदार, रडलीसुद्धा न्हाई," बायका म्हणाल्या. तेराव्यानंतर पाहुणे गेल्यावर मी शाळेच्या मैदानावर गेले. मुली सराव संपवून घरी परतल्या होत्या. बाकापाशी न थांबता रेषा ओलांडून रिंगखाली उभी राहिले. आजूबाजूला कोणीच नव्हतं. "अण्णा," मी मोठ्यानं म्हणाले, "मला खेळायचं होतं."